डॉल्बीचा वाद आणि १९८२ सालची एक तबकडी

मंडळी, पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. गणपती जवळ आले की आपल्या गावात दरवर्षी जो वाद पेटतो त्यावरच लिहितोय, पण जरा लांबनं वळसा घालून येणार आहे.

वाद सगळ्यांना ठाऊक आहे. एका बाजूला ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’वाले. दुसऱ्या बाजूला ‘वर्षातनं एकदा तर वाजतंय, तेवढ्यानं काय हुतंय’ म्हणणारी तालमीची पोरं. मधे पोलीस, मधे महाद्वार रोडवरची म्हातारी माणसं आणि कुणाचं तरी तान्हं बाळ. आवाजाबद्दल मला दुसऱ्या बाजूची बाजू घ्यायची नाही. पण पहिल्या बाजूकडून एक वाक्य दरवर्षी येतं आणि ते मला दरवर्षी खटकतं. ‘ही मशिनची बडवाबडवी आपली न्हवं, ही बाहेरनं आलीय.’

मशिन आपलं नव्हे? मग ही गोष्ट ऐका.

१९८२ साली एचएमव्हीनं मुंबईत एक एलपी काढली. नाव ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. वाजवणारे एकटे चरणजित सिंग. तबला नाही, तंबोरा नाही, सतार नाही. तीन यंत्रं, तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची आणि तिन्ही त्यावेळी अगदी कोरी. तालाला टीआर-८०८, खालच्या सुरांना टीबी-३०३ आणि वर राग वाजवायला ज्युपिटर-८ नावाचा सिंथेसायझर. राग दहा: भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. प्रत्येक राग पाचेक मिनिटांचा.

तबकडी आली आणि गेली. कुणी विचारलं नाही. राग ऐकणाऱ्यांना ती डिस्को वाटली, डिस्को ऐकणाऱ्यांना राग वाटली.

मी ही तबकडी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. तरुणपणी बेंजो पार्टीत कॅसिओ वाजवलाय, त्यामुळं यंत्रावर राग काढायला गेलं की कुठं अडतं ते बोटांना माहीत आहे. भैरव घ्या. भैरवाचा जीव त्याच्या कोमल रिषभात आणि कोमल धैवतात, आणि हे दोन्ही सूर आंदोलित. म्हणजे एका जागी ठोकून उभे राहत नाहीत, झुलतात. कीबोर्डच्या पट्टीवर सूर खिळा मारल्यासारखा पक्का असतो. तो झुलवणार कसा? चरणजित सिंग काय करतात, तर सुरावरून सुरावर घसरतात. ज्युपिटरमधे एका सुरातून दुसऱ्यात सरकत जायची सोय आहे, ती ते मनसोक्त वापरतात. खाली ३०३ मधेही ‘स्लाइड’ म्हणून तशीच सोय आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर मींड. अगदी खरीखुरी मींड नव्हे, हे मान्य. ललत आणि तोडी ऐकताना कान खायला उठतो, एवढे बारीक सूर त्या यंत्रात नाहीतच. पण भूपाळी, मालकंस, बैरागी हे पाच सुरांचे राग त्या यंत्रावर असे काही चढतात की बघत राहावं. रागाचं चलन कुठं सुटत नाही. वर बोटं पाण्यासारखी पळतात, खाली ३०३ एकच आकृती घोळवत राहतो, आणि ८०८ चा ठोका सरळ, न थकता, न बदलता पडत राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला माणसाला गुंगी यायला लागते.

हे गुंगीचं प्रकरण आपल्याला नवीन नाही. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत जो उभा राहिलाय त्याला विचारा. भंडाऱ्यानं हवा पिवळी झालेली, समोर दहा पावलांवरचं दिसत नाही, आणि धनगरी ढोल एकाच चालीत वाजतोय, वाजतोय, वाजतोय. डोकं बंद पडतं आणि अंग सुरू होतं. खासबागेत कुस्तीला हलगी-घुमकं वाजतं तेव्हाही तेच. एकच बोल शंभर वेळा आला की तो शंभरावा बोल पहिल्यासारखा राहत नाही. विलायतेतल्या पोरांनी साठच्या दशकात ह्याच अवस्थेला ‘सायकेडेलिक’ नाव दिलं. आपल्याकडं त्याला देव अंगात आला म्हणायची पद्धत.

आणि गंमत म्हणजे विलायतेत हे गेलं तेही बऱ्याच अंशी आपल्याकडनं. बीटल्सनी १९६६ साली ‘टुमॉरो नेव्हर नोज’ हे गाणं केलं. जवळजवळ एकाच स्वरसंगतीवर उभं, खाली तंबोरा. मग हिप्पी इकडं आले, काठमांडूला गेले, आणि त्यांच्यावर देव आनंदनं १९७१ साली ‘हरे रामा हरे कृष्णा’ काढला. ‘दम मारो दम’ तुम्ही हजार वेळा ऐकलंय. त्या गाण्यात मागं जो सतत घुमणारा सूर आहे, तो ट्रान्झिकॉर्ड नावाच्या वाद्यावर कुणी वाजवला? चरणजित सिंग यांनीच. म्हणजे तंबोरा लंडनला गेला आणि फिरून मुंबईच्या स्टुडिओत विजेवर परत आला.

१९४० साली जन्मलेला हा माणूस आयुष्यभर हिंदी सिनेमाचा वादक. शंकर-जयकिशन, बर्मन पितापुत्र, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, सगळ्यांकडं वाजवलं. गिटार, बेस गिटार, क्लॅव्हिओलिन, नवीन जे वाद्य बाजारात येईल ते. पण त्या काळी वादकाचं नाव तबकडीवर यायची पद्धत नव्हती. गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, ह्या लोकांनी हिंदी गाण्याचा सगळा वाद्यमेळ बांधला, आणि लोकांना अँथनी गोन्साल्विस हे नाव कळलं ते १९७७ साली अमिताभ अंड्यातनं बाहेर आला तेव्हा. ते नाव खऱ्या माणसाचं, प्यारेलाल यांच्या गुरूचं आहे, हे अजूनही निम्म्या जणांना माहीत नसतं. अशा बिननावाच्या गर्दीतला एक वादक १९८२ साली म्हणतो की सगळीकडं डिस्को चाललंय, तर आपण तबला बंद ठेवू आणि डिस्कोच्या ठोक्यावर राग वाजवू. आणि वाजवतो. एका चांगल्या कारागिराचा हा सरळ विचार होता.

आता त्याच १९८२ सालात विलायतेत जाऊ.

१९७६-७७ ला तिकडं पंक नावाचा दंगा झाला. तीन कॉर्ड, दोन मिनिटं आणि शिव्या. दंगा दोन वर्षांत ओसरला आणि पोरांपुढं प्रश्न पडला, आता पुढं काय? त्या ‘पुढं काय’मधून जे निघालं त्याला पोस्ट-पंक म्हणतात. ह्यांनी गिटार मागं सारली, बेस पुढं आणला, जमैकाचा घुमारा घेतला, डिस्कोचा ठोका घेतला, साठच्या दशकातली ती गुंगी परत आणली आणि स्वस्तातले सिंथेसायझर घेतले. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनचा ‘अननोन प्लेझर्स’ १९७९ चा. त्यांचा गायक इयन कर्टिस १९८० च्या मे महिन्यात गेला. उरलेल्यांनी न्यू ऑर्डर नावानं वाद्यवृंद चालू ठेवला आणि त्यांच्या तबकड्या काढणाऱ्या फॅक्टरी कंपनीबरोबर २१ मे १९८२ ला मँचेस्टरमधे हॅसिएंडा नावाचा क्लब उघडला. पुढच्या वर्षी ‘ब्लू मंडे’ आलं, ड्रम मशिन आणि सिंथेसायझरवर उभं. मुंबईत चरणजित सिंग आणि मँचेस्टरमधे ही पोरं, एकाच काळात, एकमेकांचं नावही माहीत नसताना, एकाच दारावर धडका देत होती: न थकणारा ठोका आणि त्यावर माणसाचं मन.

तिसरी जागा शिकागो. टीबी-३०३ हे यंत्र खरं तर गिटारवाल्यांना सरावासाठी काढलेलं. बेस वाजवणारा जोडीदार नसला तर ह्यानं साथ करावी. साथ काही धड जमेना. १९८४ पर्यंत कंपनीनं उत्पादनच बंद केलं. यंत्रं सेकंड हँड बाजारात मातीमोलानं आली आणि शिकागोच्या काळ्या वस्त्यांतल्या पोरांच्या हाती लागली. डीजे पिअर आणि त्याच्या दोन मित्रांनी बटणं उलटीसुलटी फिरवली आणि यंत्र किंचाळायला, चिवचिवायला, ओघळायला लागलं. त्यांनी त्याची टेप केली आणि रॉन हार्डी ह्या डीजेला दिली. रॉन हार्डीनं ती एका रात्रीत चार वेळा लावली. पहिल्यांदा लोक नाचायचे थांबले. दुसऱ्या-तिसऱ्यांदा थोडे परत आले. चौथ्यांदा अख्खी पब्लिक वेडी झाली. पिअर हा किस्सा स्वतः सांगत आलाय. ती टेप ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ म्हणून १९८७ साली बाजारात आली, तिथनं ‘अ‍ॅसिड हाऊस’ हा प्रकार सुरू झाला, आणि तो विलायतेत जाऊन गाजला तो कुठं? त्याच हॅसिएंडात.

वीसेक वर्षं गेली. एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला दिल्लीतल्या एका दुकानात चरणजित सिंगांची ती तबकडी सापडली. त्यानं २०१० साली ती परत प्रसिद्ध केली. ऐकणाऱ्यांनी कपाळाला हात लावला. हा तर अ‍ॅसिड हाऊस, आणि शिकागोच्या पाच वर्षं आधीचा! काही जणांना तर खरंच वाटेना. ही कुणातरी आताच्या विलायती कलाकाराची चेष्टा आहे, जुना भारतीय माणूस वगैरे सगळं रचलेलं आहे, असं बोललं गेलं. पण माणूस खरा होता, मुंबईत राहत होता. सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग मग युरोपात जाऊन तीच यंत्रं वाजवून आले, समोर नातवंडांच्या वयाची पोरं नाचत होती. ५ जुलै २०१५ ला ते मुंबईत गेले.

इथं आपल्या लोकांचा एक नाद आड येतो. ‘बघा, अ‍ॅसिड हाऊससुद्धा आपणच शोधलं!’ असा फॉरवर्ड मला आत्तापर्यंत चार-पाच ग्रुपवर आलाय. भावांनो, शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकली नव्हती. त्यांनी त्यांचं शोधलं, ह्यांनी ह्यांचं. ‘पहिलं कोण’ ह्यात छाती फुगवण्यापेक्षा अवघड प्रश्न दुसरा आहे. तेच यंत्र, तसाच ठोका. मग शिकागोत त्यातनं अख्खं संगीत उभं राहिलं आणि मुंबईत एक तबकडी अडगळीत का गेली?

माझं उत्तर: शिकागोत खोली होती. एक अंधारी खोली, जिथं तीच माणसं दर आठवड्याला येत होती, आणि एक माणूस होता ज्याला ते न आवडलेलं गाणं चौथ्यांदा लावायची मुभा होती. चरणजित सिंगांना दुसऱ्यांदा ऐकणारासुद्धा मिळाला नाही. नवीन आवाज पहिल्या फटक्यात कुणालाच आवडत नसतो. त्याला वारंवार ऐकायची जागा लागते.

आणि ही गोष्ट कोल्हापूरला कुणी शिकवायची? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अल्लादियाखाँसाहेब इथं दरबारात आले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. खाँसाहेबांची जयपूर-अत्रौली गायकी काही सोपी नव्हे. जोडराग, अनवट राग, वळणावळणाची तान, सम कुठं येतेय ते शोधत बसावं लागावं अशी बंदिश. पण ह्या गावानं ती गायकी वारंवार ऐकली. दरबारात ऐकली, देवल क्लबात ऐकली, आणि ऐकता ऐकता कान तयार झाला. भूर्जीखाँसाहेब इथंच राहून शिकवत राहिले. धोंडूताई कुलकर्णी इथल्या. आणि खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर बसून सूर्यमालेबाहेर निघाली. आजही चाललीय. तीही यंत्रातच बसून गेलीय बरं का, आणि तबकडीवर मावावी म्हणून राग साडेतीन मिनिटांत बसवायची कसरत त्या पिढीनं आधीच करून ठेवली होती.

यंत्राला नाकं मुरडणंही जुनंच. पेटी, म्हणजे हार्मोनियम, फ्रान्समधनं आली. तिच्यात मींड नाही, तिचे सूर ठोकळेबाज, असं म्हणत आकाशवाणीनं १९४० साली तिला दारच बंद केलं आणि पुढं तीसेक वर्षं ते बंद राहिलं. पण त्याच्या कितीतरी आधी आपल्या गोविंदराव टेंब्यांनी त्याच पेटीवर स्वतंत्र वादन करून मैफली जिंकल्या होत्या. हाच माणूस पुढं प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त, १९३२ साली, नायक आणि संगीतकार दोन्ही झाला. बोलपटही तेव्हा नवीन यंत्रच होतं, आणि प्रभात कंपनी स्थापन झाली ती १९२९ साली ह्याच गावात. म्हणजे पेटी परकी, कॅमेरा परका, माईक परका. कोल्हापूरनं तिन्ही घेतली आणि आपली करून टाकली. मग ८०८ नं काय घोडं मारलंय?

आता येतो डॉल्बीवर. आधी शब्दाची गंमत. रे डॉल्बी ह्या अमेरिकन माणसानं १९६५ साली जी कंपनी काढली ती कशासाठी? टेपमधली खरखर कमी करायला. आवाज कमी करणाऱ्या माणसाचं नाव आपण भिंती हलवणाऱ्या ढिगाला दिलंय. नाद खुळा!

कायद्याचं म्हणाल तर २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम स्पष्ट आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, वर्षातले मोजके दिवस बारापर्यंतची सवलत. डेसिबलचं गणित आपल्या पोरांना कुणी नीट सांगत नाही. दर दहा डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहा पट होते. ५५ वरून १०५ वर गेलं की वाटतं दुप्पट झालं, पण ऊर्जा एक लाख पट झालेली असते. हे कानाचं, हृदयाचं, जुन्या वाड्यांच्या भिंतींचं काम आहे. इथं संस्कृतीचा विषयच नाही. आवाज कमी झालाच पाहिजे, त्यात तडजोड नको.

पण तेवढ्यावर थांबलो तर दरवर्षी हाच वाद होणार. कारण मंडपामागं लॅपटॉप घेऊन बसलेल्या त्या पोरालाही काहीतरी करायचं असतं. मी अशी पोरं जवळनं बघितलीत. हलगीचा ठेका तोडून त्यावर बेस चढवणारी, जुन्या भावगीताखाली ८०८ चा ठोका घालणारी. त्यांना वर्षात ऐकवायला मिळते ती एक रात्र, तीही रस्त्यावर, शेजारच्या मंडळाच्या भिंतीशी भिडून. मग त्याच्या हातात एकच गोष्ट उरते, आवाज वाढवणं. बारकावा ऐकवायला शांतता लागते आणि ती त्याला आपण कधी दिलीच नाही.

जागा होती तीही जळाली. ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र कुणी विसरलेलं नाही. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री डोळ्यांदेखत खाक झालं. ते परत उभं राहिलंच पाहिजे. पण त्याच्याबरोबर एक छोटी, शंभर-दीडशे माणसांची, आवाज बाहेर न जाणारी खोली गावात असावी एवढं माझं मागणं आहे. महापालिकेची असो, विद्यापीठाची असो, एखाद्या तालमीची असो. महिन्यातनं एक रात्र ती लॅपटॉपवाल्या पोरांना द्या, एक रात्र हलगीवाल्यांना, एक रात्र दोघांना मिळून. समोर देवल क्लबात वाढलेले चार जाणते कान बसवा, जे ‘बाळा, हा भूप न्हवं, तुझा निषाद लागतोय’ असं तोंडावर सांगतील. रस्त्यावरचा आवाज पोलीस कमी करतील, पण पोरांचा कान तयार होईल तो असल्या खोलीतच.

दुसरं मागणं तुमच्याकडं. चरणजित सिंगांची तबकडी वाचली कारण कुणीतरी धूळ झटकून ती परत ऐकली. आपल्या गावात सत्तर-ऐंशीच्या दशकात किती ऑर्केस्ट्रा होते, किती बेंजो पार्ट्या होत्या. त्यांच्या कॅसेट माळ्यावर, ट्रंकेत पडून असतील. चुंबकीय फीत काही कायमची टिकत नाही, बुरशी लागते, चिकटते. कुणाच्या घरी असल्या तर फेकू नका. कमेंटमधे सांगा. संगणकावर उतरवून घ्यायचं काम मी आणि दोन मित्र फुकट करू, कॅसेट तुमची तुम्हाला परत. वादकांची नावं मात्र आठवून लिहून द्या. सगळ्यांची, टाळ वाजवणाऱ्याचंसुद्धा.

आणि ती तबकडी आता इंटरनेटवर सहज मिळते. पहिला भैरवच लावा. हेडफोनवर, आवाज मध्यम. पहिल्यांदा ‘हे काय खुळ्यागत’ असंच वाटणार. हरकत नाही. चार वेळा ऐका आणि मग कमेंटमधे खुशाल शिव्या घाला.